पीव्हीएचा रेणुभार मोजायचाय? उबेलोडे नळीची सगळी रीत

पीव्हीए म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल. पांढरी, रव्यासारखी पावडर. यंत्रमागावर चढणाऱ्या ताण्याच्या सायझिंगमध्ये ती खळीत जाते, कागद-लाकडाच्या चिकटद्रव्यात जाते, कोरड्या डोळ्यांसाठीच्या थेंबांतही जाते. दोन पिशव्या शेजारी ठेवल्या तर नुसत्या बघून फरक कळत नाही. पाण्यात विरघळवल्या की मात्र एकीचं द्रावण बोटांवरून सहज ओघळतं आणि दुसरीचं काकवीसारखं तार धरतं. रसायन तेच असतं, साखळीची लांबी वेगळी असते. ती लांबी आकड्यात पकडायची असेल तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत परवडणारं आणि नीट वापरलं तर भरवशाचं साधन एकच आहे: उबेलोडे व्हिस्कोमीटर. काचेची तीन पायांची नळी, पाण्याचा बाथ आणि स्टॉपवॉच.

हा प्रयोग मी बरीच वर्षं विद्यार्थ्यांकडून करून घेते आहे. रेणुभार चुकतो तो बहुतेक वेळा नळीजवळ चुकतच नाही. तो चुकतो वजनकाट्याजवळ, आणि त्यानंतर थर्मामीटरजवळ. म्हणून या लेखात त्या दोन जागांवर मी जास्त वेळ थांबणार आहे.

कोणता रेणुभार?

पाण्याचा रेणुभार १८ म्हटलं की विषय संपतो. पॉलिमरच्या एका चिमटीत मात्र आखूड, मध्यम, लांब अशा सगळ्या साखळ्या एकत्र नांदतात, त्यामुळे जो आकडा मिळतो तो सरासरीच असतो. आणि सरासऱ्याही एकापेक्षा जास्त.

एक हिशेब करून बघा. १०,००० रेणुभाराचं एक ग्रॅम पॉलिमर आणि १,००,००० रेणुभाराचं एक ग्रॅम एकत्र करा. रेणू मोजून सरासरी काढली तर ती येते साधारण १८,२००, कारण संख्येने आखूड साखळ्या दसपट आहेत. वजनाला वजन धरून काढली तर ५५,०००. आणि आपली नळी जी सरासरी सांगते, ती पीव्हीए-पाणी जोडीच्या घातांकाने (०.७६, तो कुठून आला ते पुढे येतं) येते सुमारे ४९,६००. नमुना तोच, तीन आकडे, तिन्ही खरे. नळीची सरासरी नेहमी या दोघींच्या मध्ये असते आणि वजन-सरासरीकडे झुकलेली असते. एखाद्याने ऑस्मोमीटरने, म्हणजे परासरण दाब मोजून, काढलेला आकडा तुमच्या आकड्याशी जुळला नाही, तर आधी हे आठवायचं आणि मगच प्रयोगावर शंका घ्यायची.

रेणू मोजायच्या पद्धती इथे का वापरत नाहीत, तेही सांगून टाकते. १०० मिलिलिटर पाण्यात ६४,००० रेणुभाराचं एक ग्रॅम पीव्हीए घातलं तर गोठणबिंदू खाली येतो ०.०००३ अंश सेल्सियस. तो मोजायच्या भानगडीत कुणी पडू नये. त्याच द्रावणाचा परासरण दाब मात्र २५ अंशांना जवळजवळ चार सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका भरतो, म्हणजे तो मोजता येतो. पण पडदा चांगला लागतो आणि आखूड साखळ्या त्यातून निसटतात. प्रकाश विखुरणाची पद्धत वजन-सरासरी थेट देते, पण धुळीचा एक कण आला तरी वाचन बिघडतं. जीपीसी, म्हणजे साखळ्या आकारानुसार वेगळ्या करणारी स्तंभाची पद्धत, सगळं वितरण दाखवते, पण स्तंभ, पंप आणि प्रमाण नमुने यांचा खर्च मोठा. नळीला यातलं काही लागत नाही.

वेळेतून लांबी कशी कळते

१९२० मध्ये हेरमान श्टाउडिंगर यांनी मांडलं की रबरासारखे पदार्थ म्हणजे लहान रेणूंचे जुडगे नसून खरोखरीचे प्रचंड लांब रेणू आहेत. तेव्हाच्या बऱ्याच रसायनतज्ज्ञांना ते पटलं नव्हतं. साखळी जितकी लांब तितकी पातळ द्रावणाची श्यानता जास्त, हा त्यांच्या बाजूचा एक मोठा पुरावा. १९५३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. श्यानता रेणुभाराच्या सरळ प्रमाणात वाढते असं त्यांनी धरलं होतं. पुढे मार्क, हाउविंक आणि साकुराडा यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समीकरणात रेणुभाराला घातांक आला. यातले इचिरो साकुराडा हे जपानचे. पीव्हीएपासून विनायलॉन हा धागा बनवणाऱ्या गटातही तेच होते, तेव्हा आपल्या नमुन्याशी त्यांचं नातं दुहेरी आहे.

श्यानता म्हणजे द्रवाचा वाहायला होणारा विरोध, रोजच्या भाषेत दाटपणा. पॉलिमरची साखळी द्रावणात काठीसारखी ताठ उभी नसते. लोकरीच्या सैल गुंडाळीसारखी ती फुगून बसते आणि पोटात बरंच पाणी धरून ठेवते. साखळी लांब झाली की एका ग्रॅममागे ही गुंडाळी जास्त जागा अडवते आणि प्रवाहाला जास्त अडथळा करते. ‘एका ग्रॅममागे अडवलेली जागा’ म्हणजेच आंतरिक श्यानता. म्हणून तिचं एकक डेसिलिटर प्रति ग्रॅम असं आकारमान भागिले वजन येतं. नाव श्यानतेचं, एकक जागेचं, हे पहिल्यांदा विचित्र वाटतं. गुंडाळीचं चित्र डोळ्यांसमोर आणलं की उलगडतं.

शेजारच्या गुंडाळ्या एकमेकींना धक्के देतात, त्यामुळे एकाच द्रावणावरून हा आकडा काढता येत नाही. चार-पाच पातळ द्रावणं मोजायची आणि ‘द्रावण अगदी शून्याइतकं पातळ असतं तर काय झालं असतं’ हे आलेखावरून काढायचं. सगळा प्रयोग एवढ्याचसाठी आहे.

सामान

डायल्यूशन प्रकारची, खालचा फुगा मोठा असलेली उबेलोडे नळी घ्या. पाण्यासाठी ०सी या मापाची केशनलिका बरोबर बसते: २५ अंशांना पाण्याला तीनशे सेकंदांच्या जवळपास वेळ लागतो. वेळ दोनशेच्या वर असला की गतिज ऊर्जेची दुरुस्ती विसरून चालते. फार रुंद नळी घेऊन पाणी साठ सेकंदांत उतरलं, तर पुढचं गणित कितीही नीट करा, पायाच कच्चा राहतो.

ओस्टवाल्ड नळी असेल तर? चालते, पण तिच्यात दर वेळी अगदी तेवढंच आकारमान भरावं लागतं आणि प्रत्येक द्रावण वेगळं बनवावं लागतं. उबेलोडेच्या तिसऱ्या पायातून केशनलिकेच्या खालच्या टोकाशी हवा येते आणि द्रव तिथेच तुटतो. खाली दहा मिलिलिटर आहे की चाळीस, याचा वेळेवर परिणाम होत नाही. म्हणून नळीतल्या नळीत पाणी घालून द्रावण पातळ करत जाता येतं.

बाकी: काचेच्या भिंतीचा बाथ, ०.०५ अंशापर्यंत स्थिर राहणारा, ०.१ सेकंद दाखवणारं स्टॉपवॉच, चार दशांश स्थळांचा काटा, १०० मिलिलिटरचा व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क, ५ मिलिलिटरचं पिपेट, सिंटर्ड ग्लासची गाळणी, रबरी फुगा. तोंडाने ओढायचं नाही, नुसतं पाणी असलं तरी नाही. एकदा सवय लागली की पुढच्या वर्षी समोर टोल्युइन असतं.

वजन: इथेच खरी गंमत हुकते

एका जुलैची गोष्ट. त्याच बाटलीतली पावडर, तीच नळी, तोच बाथ, आणि जानेवारीत आलेल्या आकड्यापेक्षा रेणुभार सात टक्क्यांनी कमी. मुलांनी निष्कर्ष काढला की पॉलिमर सहा महिन्यांत तुटलं. बाटली हलवून पाहिली तर पावडर सुळसुळत नव्हती. काठाला ओलसर मिठासारखे खडे धरले होते. झाकण महिनाभर अर्धवट बसलेलं होतं. दोन ग्रॅम पावडर ओव्हनमध्ये १०५ अंशांना वजन स्थिर होईपर्यंत ठेवली, तर साडेपाच टक्के वजन उडालं. आम्ही ०.८०० ग्रॅम पीव्हीए म्हणून जे तोललं होतं, त्यात सव्वाचार शतांश ग्रॅमहून जास्त पाणी होतं.

हिशेब सरळ आहे. संहती, म्हणजे द्रावणातलं पीव्हीएचं प्रमाण, पाच टक्क्यांनी जास्त धरली की आंतरिक श्यानता पाच टक्क्यांनी कमी येते, आणि रेणुभार काढताना घातांक उलटतो म्हणून चूक साडेसहा टक्क्यांवर जाते. आपल्याकडे पावसाळ्यात हवा ओलीकच्च असते, पीव्हीए ती ओल पिते, आणि काटा मात्र चार दशांशांपर्यंत बिनदिक्कत आकडा दाखवतो.

मग पावडर आधी वाळवूनच का घेऊ नये? कारण तापवलेलं पीव्हीए जास्त स्फटिकी होतं आणि मग विरघळायला अडून बसतं. मी सांगते ती रीत अशी: बाटलीतून एकाच वेळी दोन भाग काढा. एक भाग ओव्हनमध्ये, ओलावा काढण्यासाठी. तो नंतर टाकून द्यायचा. दुसरा भाग न वाळवता तोला आणि पहिल्या भागावरून मिळालेल्या ओलाव्याची वजावट गणितात करा. ओव्हनमधून काढलेला भाग डेसिकेटरमध्ये थंड करूनच तोलायचा, नाहीतर काट्यावर ठेवेपर्यंत तो पुन्हा ओल घेतो.

द्रावण बनवणं

आपण ९८-९९ टक्के हायड्रोलिसिस झालेलं पीव्हीए धरतो आहोत, म्हणजे ज्याच्या साखळीवरचे जवळजवळ सगळे अॅसिटेट गट अल्कोहोलचे झाले आहेत. कोरड्या वजनाने ०.८०० ग्रॅम लागेल. ७० मिलिलिटर थंड डिस्टिल्ड पाणी बीकरमध्ये स्टररवर फिरत ठेवा आणि पावडर चिमटीचिमटीने भुरभुरवा. पिठलं करताना बेसन लावतो तसं. गरम पाण्यात एकदम ओतली तर गुठळी होते, बाहेरून चिकट साल धरते आणि आत कोरडं पीठ राहतं. ती गुठळी मग दिवसभर फिरली तरी सुटत नाही.

पावडर नीट पसरली की बीकरवर काचेची तबकडी झाका आणि पाण्याच्या बाथवर ९० ते ९५ अंशांपर्यंत न्या. अर्धा-पाऊण तास लागतो. उकळी येऊ द्यायची नाही. पीव्हीएला फेस फार. उजेडाकडे धरून पाहिलं की द्रावण पाण्यासारखं नितळ दिसलं पाहिजे. जेलीसारखे पारदर्शक तुकडे तरंगताना दिसले तर अजून तापवा. हे तुकडे पटकन दिसत नाहीत, कारण त्यांचा रंग पाण्याचाच असतो. बीकर हलवून थांबवा, ते वेगळ्या चालीने फिरताना दिसतात.

थंड झाल्यावर फ्लास्कमध्ये घ्या, बीकर दोन-तीनदा थोड्या पाण्याने विसळून ते पाणीही त्यातच घाला. फ्लास्क २५ अंशांच्या बाथमध्ये वीस मिनिटं ठेवा आणि त्यानंतरच खुणेपर्यंत भरा. ओतताना फ्लास्कच्या भिंतीवरून सावकाश. खुणेवर फेस बसला तर खूण दिसतच नाही. फेस घालवण्याचं औषध टाकू नका, तेही श्यानतेत लुडबुड करतं. रात्रभर ठेवलं की फेस आपोआप बसतो. पण आठवडाभर ठेवू नका, उन्हाळ्यात अशा द्रावणात बुरशी धरते.

शेवटी गाळा. पाणीही गाळा, पातळ करायला लागणारं सगळं. केशनलिकेचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतं. टिश्यू पेपरचा एक तंतू तिथे अडकला की वेळ दोन-तीन सेकंदांनी वाढतो आणि कारण कुणालाच दिसत नाही.

बाथ आणि नळी

पाण्याची श्यानता २० अंशांना १.००२, २५ ला ०.८९०, ३० ला ०.७९७ मिलिपास्कल-सेकंद. म्हणजे अंशामागे दोन टक्क्यांहून जास्त उतार. पाण्याचा वेळ २५.० ला घेतला आणि सर्वांत पातळ द्रावणाचा २५.१ ला, तर त्या एका बिंदूत सुमारे एक टक्का चूक शिरते, आणि आलेखात शून्याच्या सर्वांत जवळचा बिंदू तोच असतो. म्हणून सगळी वाचनं एकाच दिवशी, एकाच बाथमध्ये, एका बैठकीत. पंखा बंद ठेवा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीच ३५ अंशांच्या वर असते. अशा वेळी नुसत्या हीटरचा बाथ २५ वर येऊच शकत नाही, गार पाणी फिरवणारी नळी लागते. ती नसेल तर ३५ अंशांवर प्रयोग करा आणि त्या तापमानाचे स्थिरांक (के आणि ए, गणितात येतात) वापरा. बाथ २८ वर घुटमळतोय आणि वहीत २५ लिहिलंय, असं करू नका.

नळी ओळंब्यात उभी हवी. खरोखरच ओळंबा लावा: दोऱ्याला नट बांधून स्टँडला टांगा आणि दोन बाजूंनी नळी त्याच्याशी पडताळा. वरचा फुगा बाथच्या पाण्याखाली पूर्ण बुडालेला असावा.

वेळ घेणं

पहिल्यांदा नुसतं पाणी. रुंद पायातून १५ मिलिलिटर सोडा, पंधरा मिनिटं तापमानाला येऊ द्या.

मग हवेचा बारीक पाय बोटाने बंद करा. केशनलिकेच्या पायाला रबरी फुगा लावून द्रव हळूहळू वर ओढा, वरच्या खुणेच्याही वरचा छोटा फुगा अर्धा भरेपर्यंत. घाई केली तर बुडबुडे येतात. आता रबरी फुगा काढा आणि लगेच बोट हवेच्या पायावरून उचलून केशनलिकेच्या पायाच्या तोंडावर ठेवा. खाली नजर ठेवा: केशनलिकेच्या टोकाखालचा द्रव सुटून पडतो आणि तिथे हवेची पोकळी होते. ती दिसली की बोट सोडा. ही पोकळी न होताच वेळ घेतला तर उबेलोडे नळी वापरण्याचा सगळा फायदा गेला. नवशिक्यांची पहिली दहा वाचनं इथेच वाया जातात, आणि जाऊ द्यावीत. बोटांना एकदा लय सापडली की आयुष्यभर राहते.

द्रवाचा वक्र पृष्ठभाग वरच्या खुणेला टेकला की घड्याळ सुरू, खालच्या खुणेला टेकला की बंद. डोळा खुणेच्या पातळीत. तीन वाचनं ०.२ सेकंदांच्या आत जुळली पाहिजेत. एकेक वाचन आधीच्यापेक्षा वाढत चाललं तर धूळ किंवा फेस आहे. घटत चाललं तर द्रव अजून तापतोय.

पाणी काढून नळी कोरडी करा आणि १५ मिलिलिटर साठा-द्रावण, म्हणजे फ्लास्कमध्ये बनवलेलं, घाला. वेळ घ्या. मग त्याच तापमानाला ठेवलेलं पाणी ५ मिलिलिटर घाला, मिसळा, वेळ घ्या. पुन्हा ५, पुन्हा ५, शेवटी १०. मिसळणं म्हणजे फक्त खालचा फुगा हलवणं नाही. केशनलिकेत आणि वरच्या फुग्यात आधीचं दाट द्रावण चिकटून असतं, त्यामुळे नवं द्रावण दोन-तीनदा हळूच वर ओढून खाली सोडायचं. जोरात बुडबुडे काढून मिसळू नका, फेस होतो.

गणित, एका नमुन्यावर

समजायला सोपं जावं म्हणून असे आकडे घेऊ. पाण्याचा वेळ २९८.० सेकंद. संहती ग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये:

संहती ०.८० — वेळ ५७४.६ सेकंद
संहती ०.६० — वेळ ४९३.५
संहती ०.४८ — वेळ ४४९.२
संहती ०.४० — वेळ ४२०.६
संहती ०.३० — वेळ ३८७.३

द्रावणाच्या वेळेला पाण्याच्या वेळेने भागा: सापेक्ष श्यानता. पहिल्या ओळीत ती १.९२८ येते. द्रावणं इतकी पातळ आहेत की त्यांची घनता पाण्याचीच धरली तरी चालते. सापेक्ष श्यानता साधारण १.२ ते २ या पट्ट्यात ठेवायची. त्याखाली गेलात तर दोन जवळच्या आकड्यांची वजाबाकी करताना सेकंदाची छोटी चूक मोठी होते. वर गेलात तर गुंडाळ्यांची गर्दी होऊन रेषा वाकते. तुमचा नमुना पट्ट्याबाहेर पडत असेल तर साठा-द्रावण वेगळ्या संहतीचं बनवा, बाकी रीत तीच.

आता दोन राशी काढायच्या. पहिली: सापेक्ष श्यानतेतून १ वजा करा आणि संहतीने भागा. पाच ओळींना क्रमाने १.१६०, १.०९३, १.०५७, १.०२९, ०.९९९ मिळतात. दुसरी: सापेक्ष श्यानतेचा नैसर्गिक लॉग काढा आणि संहतीने भागा. येतात ०.८२१, ०.८४१, ०.८५५, ०.८६१, ०.८७४. एकाच आलेखावर आडवी संहती ठेवून दोन्ही काढा. पहिली रेषा हगिन्स यांची, शून्याकडे येताना उतरते. दुसरी क्रेमर यांची, शून्याकडे येताना चढते. दोघींनी उभ्या अक्षावर एकाच जागी भेटायला हवं. इथे हगिन्सची रेषा ०.९०१ ला टेकते, क्रेमरची ०.९०५ ला. आंतरिक श्यानता धरू ०.९० डेसिलिटर प्रति ग्रॅम.

दोन रेषा का काढायच्या? डेटा तोच असल्यामुळे नवीन माहिती मिळत नाही हे खरं, पण चूक उघडी पडते. दोन्ही रेषा अक्षावर एकमेकींपासून दूर टेकल्या तर संहती फार जास्त होती किंवा एखादा बिंदू बिघडला आहे. आणखी एक तपासणी: हगिन्स रेषेचा चढ आंतरिक श्यानतेच्या वर्गाने भागा. आपल्या आकड्यांत तो ०.४० येतो. चांगल्या द्रावकात तो ०.३ ते ०.४ च्या आसपास असतो. क्रेमरच्या उताराला तसंच भागलं की ०.१३. दोघांची बेरीज ०.५ च्या जवळ यायला हवी, इथे ०.५३ आहे. हगिन्सचा आकडा एकाच्या पुढे गेला तर साखळ्या एकमेकींना चिकटल्या आहेत, म्हणजे नीट विरघळलेल्या नाहीत. परत बीकर तापवायला घ्या.

शेवटची पायरी. आंतरिक श्यानता = के गुणिले रेणुभाराचा ‘ए’वा घात. पीव्हीए, पाणी, २५ अंश या तिघांसाठी फ्लोरी आणि लॉइटनर यांनी १९४८ मध्ये दिलेले स्थिरांक: के ०.०००२ डेसिलिटर प्रति ग्रॅम, ए ०.७६. मग ०.९० भागिले ०.०००२ म्हणजे ४,५००. त्याचा दशमान लॉग ३.६५३. भागिले ०.७६ म्हणजे ४.८०७. प्रतिलॉग सुमारे ६४,०००. एका घटकाचं वजन ४४ धरलं तर साखळीत सुमारे १,४५० घटक.

के आणि ए: ही उसनी घेतलेली किल्ली आहे

नळीने आपल्याला आंतरिक श्यानता दिली. रेणुभार मात्र दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या पद्धतीने मोजलेल्या नमुन्यांच्या जोरावर आला. म्हणून के आणि ए ज्या पॉलिमर, द्रावक आणि तापमानासाठी आहेत, त्यांनाच लागू पडतात. पुस्तकात एकाच जोडीसाठी तीन वेगवेगळ्या ओळी दिसतात. ज्या ओळीचा रेणुभाराचा पल्ला तुमच्या नमुन्याला धरून आहे ती घ्या, आणि के एका ओळीतला, ए दुसऱ्या ओळीतला असं कधी करू नका.

एकक बघा. काही तक्त्यांत के मिलिलिटर प्रति ग्रॅममध्ये असतो, म्हणजे आपला ०.०००२ तिथे ०.०२ दिसेल. हा शंभरचा गुणक विसरला तर रेणुभार सव्वाचारशे पटींनी हुकतो. वहीत कुणाचा पीव्हीए पावणेतीन कोटींचा झाला असेल, तर कारण नव्वद टक्के वेळा हेच.

ए वरून द्रावकाबद्दलही कळतं. ०.५ म्हणजे गुंडाळी ना फुगलेली ना आक्रसलेली, पॉलिस्टायरिन ३४.५ अंशांच्या सायक्लोहेक्झेनमध्ये तसं वागतं. ०.७ ते ०.८ म्हणजे द्रावक चांगला, गुंडाळी फुगलेली. त्याच पॉलिस्टायरिनला टोल्युइन असा चांगला द्रावक आहे.

कारखान्यात पुष्कळदा रेणुभारापर्यंत जातच नाहीत, आणि ते मला योग्य वाटतं. पीईटीच्या (बाटल्यांच्या आणि पॉलिएस्टर धाग्याच्या प्लास्टिकच्या) चिप्स घेणारा ‘आयव्ही किती’, म्हणजे आंतरिक श्यानता किती, एवढंच विचारतो. बाटलीचा माल ०.८ च्या आसपास, कापडाच्या धाग्याचा ०.६ च्या थोडा वर. पीव्हीसीवाले ‘के व्हॅल्यू’ बोलतात; पाइपाला ६७ च्या आसपासची लागते. हा ‘के’ म्हणजे फिकेन्चर यांचा, वरच्या समीकरणातला नव्हे. दोन मालांची तुलनाच करायची असेल तर मोजलेला आकडा तसाच वापरणं जास्त प्रामाणिक, उसन्या किल्लीची गरजच नाही.

जिथे ही रीत जशीच्या तशी चालत नाही

कोळंबीच्या टरफलांपासून केलेला कायटोसॅन किंवा सीएमसी (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज) घेऊन मुलं येतात आणि सांगतात, आलेख उलटा चाललाय, पातळ करावं तशी पहिली राशी वाढते. नळी बिघडलेली नसते. या साखळ्यांवर विद्युतभार असतो. पाणी वाढलं की भारांना झाकणारे आयन विरळ होतात आणि साखळी स्वतःलाच ढकलत ताणली जाते. अशा वेळी द्रावक म्हणून मीठ घातलेलं पाणी किंवा बफर घ्यायचं, आणि पातळ करतानाही तेच वापरायचं, नुसतं पाणी नाही. कायटोसॅनच्या बाबतीत डीअॅसिटिलेशन, म्हणजे साखळीवरचे अॅसिटिल गट काढणं, किती टक्के झालंय त्यावरही के आणि ए बदलतात.

८८ टक्के हायड्रोलिसिसच्या पीव्हीएला वरचे स्थिरांक लावू नका. फांद्या फुटलेल्या साखळ्यांचा रेणुभार या रीतीने कमी दिसतो, कारण त्यांची गुंडाळी आटोपशीर असते. आणि दहा लाखांच्या वरच्या साखळ्या केशनलिकेच्या प्रवाहातच ताणल्या जातात. तिथे कमी वेगाच्या प्रवाहाची वेगळी साधनं लागतात.

वही आणि धुलाई

निकाल लिहिताना ‘रेणुभार ६४,०९०’ असं लिहू नका. आंतरिक श्यानतेत एक टक्का चूक म्हणजे रेणुभारात १.३ टक्के, त्यामुळे शेवटच्या आकड्यांना काही अर्थ नसतो. लिहा: श्यानता-सरासरी रेणुभार सुमारे ६४,०००, पीव्हीए, हायड्रोलिसिस ९८-९९ टक्के, पाण्यात २५.० अंश, आंतरिक श्यानता ०.९० डेसिलिटर प्रति ग्रॅम. हगिन्स स्थिरांक ०.४०, के ०.०००२, ए ०.७६, नमुन्यातला ओलावा इतके टक्के, वजावट केली. यातलं काहीही गाळलं तर पुढच्या वर्षी तुमचाच आकडा तुम्हाला पडताळता येणार नाही.

नळी त्याच संध्याकाळी धुवा. कोमट-गरम डिस्टिल्ड पाणी पाच-सहा वेळा केशनलिकेतून ओढून सोडा. त्यानंतरच अॅसिटोन. क्रम उलटा झाला तर अॅसिटोनमध्ये न विरघळणारं पीव्हीए केशनलिकेच्या आतच पांढऱ्या पापुद्र्यासारखं बसतं, आणि ते सोडवायला पुन्हा गरम पाण्यात तासन्‌तास घालवावे लागतात. जुन्या वह्यांत क्रोमिक आम्ल लिहिलेलं सापडेल; ते कर्करोगकारक आहे, साबणाच्या गरम पाण्यात रात्रभर बुडवून ठेवणं पुरतं. वाळवायला गाळलेली हवा हळूच ओढा, कॉम्प्रेसरची नको, तिच्यात तेलाचे कण असतात. तिन्ही तोंडांना फॉइलच्या टोप्या घाला आणि नळी उभीच ठेवा. दुसऱ्या दिवशी कामाला लागण्याआधी नुसत्या पाण्याचा वेळ घ्या. तो पुन्हा २९८.० आला, तर नळी स्वच्छ आहे.